बॅटरी पुरणे आणि बॅटरी टिकणे

बॅटरी पुरणे आणि बॅटरी टिकणे या मराठीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरणे म्हणजे एका चार्जवर दिवसाचे काम भागणे, आणि टिकणे म्हणजे तीच बॅटरी चार-पाच वर्षांनीही बऱ्यापैकी काम देणे. छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा बाळगणाऱ्यांची पहिली तक्रार पुरण्याची असते. टिकण्याचा विचार बहुधा बॅटरी बिघडल्यावरच सुचतो.

एका जानेवारीत पैठणजवळ नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर चक्रवाकांच्या थव्याची वाट पाहत मी सूर्योदयापासून अडीच-तीन तास बसलो होतो. तोवर जेमतेम साठ छायाचित्रे काढून झाली होती. अखेर थवा उडाला आणि त्याच क्षणी पडद्यावर लाल खूण लुकलुकून कॅमेरा बंद पडला. साठ छायाचित्रांत बॅटरी संपतेच कशी, हा माझा प्रश्न त्या वेळी रास्त वाटला तरी चुकीचा होता, कारण बॅटरी छायाचित्रांनी नव्हे, वाट पाहण्याने संपवली होती.

जुन्या धाटणीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावर पडतो आणि तिथून लोलकामार्गे थेट आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. त्या पाहण्याला वीज जवळजवळ लागतच नाही. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे प्रकाश टिपणारा संवेदक सतत उघडा राहतो, सेकंदाला अनेक वेळा संपूर्ण दृश्य वाचतो, प्रोसेसर त्याचे चित्र बनवतो आणि ते पडद्यावर उमटते. म्हणजे बटण दाबण्यापूर्वीच कॅमेरा अखंड चित्रीकरण केल्यासारखा राबत असतो. निकॉन डी ८५० हा आरशाचा कॅमेरा सुमारे १४ वॉट-तासांच्या (वॉट-तास हे साठवलेल्या विजेचे माप) बॅटरीवर प्रमाणित चाचणीत १,८४० छायाचित्रे काढतो, तर सोनीचा ए ७ मार्क ३ हा मिररलेस १६.४ वॉट-तासांची मोठी बॅटरी असूनही ७१०.

ही चाचणी ‘सीपा’ या जपानमधील कॅमेरा उद्योगाच्या संस्थेने ठरवलेली आहे. तीत दर ३० सेकंदांना एक छायाचित्र काढतात, आणि कॅमेऱ्यात अंगचा फ्लॅश असेल तर निम्म्या वेळा तोही उडवतात. सोनीच्या छोट्या ए ६४०० चा आकडा ४१० आहे. दर अर्ध्या मिनिटाला एक या हिशेबाने ४१० छायाचित्रांना ३ तास २५ मिनिटे लागतात. बॅटरी ७.२ व्होल्ट आणि १,०२० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे ७.३ वॉट-तासांची आहे. भागाकार केला की सरासरी खर्च दोन वॉटच्या आसपास येतो. हाच कॅमेरा सलग मारा करताना सेकंदाला ११ छायाचित्रे घेतो, तेव्हा ४१० चा पल्ला तो काही मिनिटांतच गाठू शकतो आणि बॅटरीचा काटा फारसा हलतही नाही. डब्यावरचा आकडा छायाचित्रांचा दिसत असला तरी तो खरे तर तासांचा आहे.

एवढे ध्यानात आले की उपाय आपोआप सुचतात. कॅमेरा आपोआप झोपण्याची वेळ एका मिनिटावर आणावी. बटण अर्धवट दाबले की तो जागा होतो, आणि त्याला लागणारा क्षणभर पक्षी उडण्याआधीच उरकता येतो. बटण न दाबताही भिंग सतत पुढेमागे फिरवत राहणारे स्वयंचलित फोकस बंद ठेवावे. फोनशी जोडणारे वाय-फाय व ब्लूटूथ नको असेल तेव्हा विमान मोडने तोडावे. वेरूळला कैलास लेण्याच्या उघड्या प्रांगणात दुपारी पडदा दिसत नाही म्हणून त्याचा उजेड कमाल करतात आणि नंतर अंधाऱ्या दालनातही तो तसाच राहतो. हा निव्वळ अपव्यय आहे.

पडदा बंद करून डोळ्याच्या खिडकीतून (व्ह्यूफाइंडरमधून) पाहिल्यास वीज वाचते, हा समज मात्र आरशाच्या काळातला आहे. त्याच ए ६४०० चा खिडकीतून पाहतानाचा आकडा ३६० आहे, म्हणजे पडद्यापेक्षा कमी, कारण त्या खिडकीतही एक छोटा, दाट आणि वेगवान पडदाच बसवलेला असतो. खिडकीशेजारी डोळा ओळखणारा एक बारीक संवेदक असतो. कॅमेरा गळ्यात अडकवून चालताना तो सदऱ्याला टेकला की कॅमेऱ्याला वाटते, मालक पाहतो आहे. मग आतला पडदा उजळतो, आणि काही कॅमेरे अशा वेळी झोपतही नाहीत. नाथसागराच्या काठावर माझी बरीच वीज माझ्या स्वेटरनेच पाहिली असावी.

आता टिकण्याविषयी. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, तीही व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. या तंत्राचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीतील ग्राफाइटच्या टोकावर एक पातळ थर साचत जातो आणि तो साचताना कामाचे लिथियम कायमचे अडकून पडते. उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्हींनी ही झीज वाढते. ढोबळमानाने दर दहा अंशांना तिचा वेग दुप्पट होतो. मे महिन्यात परभणी किंवा नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. तिथे शंभर टक्के भरलेली बॅटरी विसरणे म्हणजे तिचे आयुष्य स्वहस्ते कापणे होय. महिनाभर कॅमेरा वापरायचा नसेल तर बॅटरी निम्म्यापर्यंत उतरवून, कॅमेऱ्यातून काढून, घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवावी. माळवदाच्या घरातली देवळी यासाठी उत्तम. उन्हातून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. नवी बॅटरी पहिल्यांदा आठ तास भरा आणि नेहमी पूर्ण संपवून मगच चार्ज करा, हा दुकानदारांचा जुना सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळचा आहे. लिथियमला पूर्ण रिकामे होणे उलट बाधते.

थंडीचा प्रश्न आपल्याकडे तुलनेने किरकोळ आहे. परभणीत हिवाळ्याच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा बॅटरीचा अंतर्गत रोध वाढून ती वेळेआधीच संपल्यासारखी दिसते. जोडीची बॅटरी आतल्या खिशात उबेला ठेवली की भागते.

भारनियमनामुळे आपल्याकडे पॉवर बँक घरोघरी असते आणि कॅमेरा यूएसबीवर चार्ज होत असेल तर तिचा उपयोग होतो, पण आकड्यांनी फसू नये. पॉवर बँकेवरचे १०,००० मिलीअँपिअर-तास ३.७ व्होल्टवरचे, म्हणजे ३७ वॉट-तास असतात. वाटेत बरीच वीज उष्णतेत जाते, म्हणून ७.३ वॉट-तासांच्या बॅटऱ्या पाच नव्हे, तीन-साडेतीनच भरतात. तसेच, मूळ बॅटरीच्याच आकारात दुप्पट क्षमता सांगणारी स्वस्त बॅटरी दिसली तर तो दुप्पट आकडा फक्त लेबलावर आहे असे समजावे. बॅटरी सपाट फरशीवर ठेवून बोटाने हलकेच ढकलून पाहावी. ती भोवऱ्यासारखी फिरली तर तिचे पोट फुगलेले आहे, आणि एखाद्या दिवशी ती कॅमेऱ्याच्या कप्प्यात अडकून बसण्याआधीच ई-कचऱ्यात द्यावी.