‘ऑरेंज’ला यमक आहे!

‘इंग्रजीत ऑरेंज, पर्पल आणि सिल्व्हर या शब्दांना यमकच नाही’, हे वाक्य शाळेपासून आपल्या कानावर पडत आलंय. ते खरं नाही.

वेल्समध्ये ऍबरगॅव्हेनी गावाजवळ ‘ब्लॉरेंज’ नावाचा ५६१ मीटर उंचीचा डोंगर आहे. झालं की यमक! नेच्याच्या पानामागे बीजाणूंच्या बारीक पिशव्या असतात, त्यांना ‘स्पोरँज’ म्हणतात. हा शब्दही काहीजण ‘ऑरेंज’शी जुळेल असाच उच्चारतात. ‘पर्पल’ला स्कॉटलंडकडचा ‘हर्पल’ आहे, म्हणजे लंगडत चालणं. ‘सिल्व्हर’ला ‘चिल्व्हर’, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. किती गोड शब्द, आणि कोशात धूळ खात पडलाय!

मग हा समज टिकला कसा? इंग्रजीत पक्क्या यमकासाठी आघाताच्या, म्हणजे उच्चारताना जोर पडतो त्या, स्वरापासून शेवटापर्यंत सगळं जुळावं लागतं. ‘ऑरेंज’मध्ये आघात पहिल्याच ‘ऑ’वर, त्यामुळे जवळपास अख्खा शब्दच जुळवावा लागतो. ‘पॉरिज’ अगदी जवळ येतो, पण मधला अनुनासिक नाही म्हणून हुकतो. गीतकार मात्र ‘डोअर हिंज’ असे दोन शब्द जोडून खुशाल काम भागवतात.

आणि हा ‘ऑरेंज’ मुळात आपल्याच संस्कृत ‘नारंग’चा, फारसी-अरबीमार्गे युरोपात गेलेला वंशज. आपल्या ‘नारिंगी’चा सख्खा भाऊ.