केमोआधीची डीपीवायडी तपासणी: फॉर्म परत का येतो

फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन ही कॅन्सरवरची केमोची औषधं सुरू होणार असतील, तर डीपीवायडी तपासणी त्याआधी व्हायला हवी. सलाइनमधून घ्या की गोळीतून, फरक नाही. कॅपेसिटाबिनचं शरीरात फाइव्ह-एफयूच होतं. त्यातलं 80 टक्क्यांहून अधिक औषध डीपीडी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं; ते बनवणारं जनुक म्हणजे डीपीवायडी. जन्मजात जनुकीय फरकामुळे ज्यांच्यात ते कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेततो. युरोपच्या औषध नियामकांनी 2020 मध्येच आधी तपासा असं सांगितलं. फाइव्ह-एफयूच्या त्वचेवरच्या मलमासाठी मात्र तपासणी लागत नाही.

या तपासणीचे सर्वाधिक फॉर्म एकाच कारणाने परत येतात. 'जनुकांची तपासणी झालीय की,' म्हणत लोक बायोप्सीचा रिपोर्ट जोडतात. तो गाठीतल्या बदलांचा असतो. इथे तुमची जन्मापासूनची जनुकं बघायची आहेत, म्हणून रक्त वेगळं द्यावं लागतं.

'रक्त चढवलं आहे का? बोन मॅरो ट्रान्सप्लांट झाला आहे का?' हा रकाना रिकामा सोडू नका. ट्रान्सप्लांटनंतर रक्तात दात्याच्या पेशी असतात, मग रिपोर्टही दात्याचाच येतो. फॉर्मवर हा प्रश्न इतक्या बारीक अक्षरात का छापतात, कळत नाही.

'पहिल्या सायकलआधी', म्हणजे केमोच्या पहिल्या फेरीआधी, रिपोर्ट हातात आलेला हवा, नुसता नमुना दिलेला नव्हे. केमोच्या दिवशी सकाळी बाही वर करून बसलेला पेशंट परत पाठवताना फार वाईट वाटतं. निकालाला काही दिवस लागतात, म्हणून औषध ठरलं त्याच दिवशी रक्त द्या.

औषधाचं नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी, सही केलेलं संमतीपत्र आणि ओळखपत्र, एवढे कागद पुरतात. ट्यूबवरचं आणि फॉर्मवरचं नाव अक्षरशः जुळतंय ना, हे रक्त काढणाऱ्यासमोरच बघून घ्या.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक कमकुवत निघाली तर सहसा निम्म्या डोसने सुरुवात करतात आणि सोसेल तसा वाढवतात. दोन्ही निकामी असतील तर हे औषध टाळतात.

रिपोर्ट 'नॉर्मल' आला तरी गाफील राहू नका. या जनुकातले नेहमी तपासले जाणारे चार फरक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडलेले आहेत. बाकीच्यांचे काही फरक त्यातून निसटतात. जुलाब, तोंडात फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. युरिडिन ट्रायॲसिटेट हा या औषधांच्या विषारी परिणामावरचा उतारा शेवटच्या डोसनंतर 96 तासांच्या आतच द्यायचा असतो.