सहाबारी बाळगण्याची रीत (कोल्ट, १८७३)

मराठीत रिव्हॉल्व्हरला ‘सहाबारी’ म्हणतात. पण एकोणिसाव्या शतकात पश्चिम अमेरिकेत ती कमरेला लावून हिंडणारा जाणता माणूस तिच्यात पाचच काडतुसे भरी. कारण तिच्या रचनेत आहे. अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेल्या कोल्ट ‘सिंगल ॲक्शन आर्मी’त दर गोळीला घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, अंगठ्याने मागे ओढावा लागतो, चाप तो फक्त सोडतो. काडतुसाला टोचणारी अणी घोड्यालाच जडवलेली असते. घोडा खाली असला की ती समोरच्या काडतुसाच्या बुडाला टेकून राहते आणि घोड्याला जोराचा धक्का बसला तर बार उडू शकतो. घोडा किंचित उचलून अडकवायची खाच होती, पण ती नाजूक. म्हणून घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवायचे. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी एका दारूगुत्त्यात पश्चिमेतला प्रसिद्ध बंदूकबाज वायट अर्प खुर्चीवर बसला असताना त्याची सहाबारी म्यानातून घसरून पडली आणि उडाली. गोळी त्याच्या कोटातून गेली, भिंतीवर आपटली आणि छतातून बाहेर पडली. अर्प तेव्हा पोलीस होता.

नळीची लांबी हा दुसरा प्रश्न. घोडदळाची नळी साडेसात इंचांची. खोगिरावर ठीक, पण खुर्चीत बसणाऱ्याला अडचणीची. नागरी गिऱ्हाइकांना पावणेपाच इंची पसंत पडे. पूर्वी शेरीफ (पोलीस अधिकारी) राहिलेल्या बॅट मास्टरसनने २४ जुलै १८८५ रोजी डॉज सिटीहून थेट कोल्ट कंपनीला पत्र लिहून आपली मागणी कळवली: नळी रिकामी काडतुसे ढकलणाऱ्या दांडीएवढीच असावी, नळीच्या टोकावरची नेमाची माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड, चाप हलका, वर निकेलचा मुलामा. नक्षी त्याने मागितली नाही, आणि यादीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वापरणाऱ्याच्या हाताची किंवा डोळ्याची गरज आहे.

शोभेचे कामही भरपूर होई. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले अमेरिकी जनरल जॉर्ज पॅटन यांनी १९१६ मध्ये एल पासोत घेतलेल्या कोल्टवर कोरीव नक्षी आहे. तिची मूठ हस्तिदंती आहे, अनेकदा लिहिले जाते तशी मोत्याच्या शिंपल्याची नव्हे. काटकसरीचा बदल वेगळाच: ठिणगी पाडणारी टोपी आणि बंदुकीची सुटी दारू वापरणारी जुनी कोल्ट फेकून न देता तिचे गोळ्यांचे फिरते चक्र बदलून ती धातूच्या काडतुसांजोगी करून घेत.

कातडी म्यान साधे, कमरेला उंच बांधलेले असे. मांडीला बांधलेला, खाली लोंबणारा नक्षीदार पट्टा ही मुख्यतः चित्रपटांची देणगी. उघडपणे बाळगण्याची मुभाही सगळीकडे नव्हती. ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्ये १८८१ मध्ये गावात शस्त्र बाळगण्यास बंदी होती, आणि २६ ऑक्टोबरची ओके कोरल या घोड्यांच्या आवाराजवळची प्रसिद्ध चकमक पोलीस त्याच बंदीखाली शस्त्रे काढून घ्यायला गेल्यावर झडली.

रुगर या अमेरिकी बंदूक कंपनीने १९७३ मध्ये घोडा आणि त्याच्यापासून वेगळी बसवलेली अणी यांच्यामध्ये सरकणारी पट्टी बसवली. चाप दाबलेला नसेल तर घोड्याचा आघात अणीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे अशा सहाबारीत सहाही काडतुसे भरता येतात. ‘काउबॉय ॲक्शन’, म्हणजे जुन्या पश्चिमेतल्या धर्तीच्या शस्त्रांनी होणाऱ्या नेमबाजीच्या स्पर्धांत मात्र यंत्रणा नवी असो की जुनी, स्पर्धक पाचच भरतात. तिथले हौशी लोक इटलीत बनलेल्या प्रतिकृती घेतात, आतले भाग घासून गुळगुळीत करतात आणि घोड्याची स्प्रिंग हलकी करून घेतात. ती प्रमाणाबाहेर हलकी झाली की घोडा पडतो, पण बार उडत नाही.