मेडुसा लहान का होत गेली?

दक्षिण इटलीतलं तारान्तो म्हणजे ग्रीकांचं तारास, स्पार्टातून आलेल्या लोकांनी वसवलेलं. तिथल्या देवळांच्या छपरावर आपल्या नळीच्या कौलांसारखी कौलं असत आणि वळचणीला कौलांच्या उघड्या तोंडांवर भाजल्या मातीचे मुखवटे. त्यामुळे वारापाऊस आतल्या लाकडापर्यंत पोहोचत नसे. मुखवटा बऱ्याचदा मेडुसा या ग्रीक पुराणातल्या राक्षसीचा: डोक्यावर साप, आणि नजरानजर झाली की माणसाचा दगड. पर्सिअस या वीराने तिचं मुंडकं उडवलं, अथेना देवीने ते मिरवलं. दृष्ट लागू नये म्हणून वास्तूवर लावायला याहून चांगला चेहरा कुठला! इ.स.पू. सहाव्या शतकात ती जीभ काढून सुळे दाखवते. दोनेकशे वर्षांनी चक्क देखणी होते.

मला तिच्या रूपापेक्षा मापाचं कुतूहल जास्त.

एका छपराला असे कितीतरी मुखवटे लागत, म्हणून ते साच्यातून काढत. साचाही बहुधा भाजल्या मातीचाच. त्यात ओली माती दाबायची; पाठ पोकळ आणि जाडी सारखी ठेवायची, नाहीतर तडा जातो. मातीचे कण पत्त्यांसारखे चपटे असतात. मधलं पाणी उडालं की ते जवळ सरकतात. कोरडा साचा पाणी शोषतो, मुखवटा आक्रसतो आणि आपसूक सुटतो. भट्टीत तो आणखी थोडा आटतो. एकूण घट साधारण १० टक्के धरू.

आता मूळ साचा फुटला, किंवा दुसऱ्या कारागिराच्या हाती तो लागलाच नाही, तर? तयार मुखवट्यावरच माती थापून नवा साचा घ्यायचा. २० सेंटिमीटरच्या मुखवट्यावरून घेतलेला साचा भाजल्यावर १८चा होतो, त्यातून निघालेला मुखवटा १६.२चा. आणखी एकदा तसंच केलं की मेडुसा जेमतेम १३ सेंटिमीटर उरते. खवले पुसट, नाक बोथट. मग कुणीतरी कोरणीने बटा पुन्हा उठवतो आणि त्याची ती रेघ पुढच्या सगळ्या वंशात उतरते, साच्यातल्या चिरेसकट.

आर. व्ही. निकोल्स या अभ्यासकाने १९५२ मध्ये साच्यांच्या या पिढ्यांची रीतसर मांडणी केली. नुसत्या मापावर मात्र भागत नाही, कारण प्रत्येक माती सारखीच आटत नाही. दोन मुखवट्यांची मापं वेगळी, पण भुवईवरची चीर तीच असेल, तर मोठी आजी आणि धाकटी नात.