नांगराच्या विंडलासला बारीक केबल पुरत नाही

शिडाच्या बोटीवर विजेचा विंडलास (नांगराची साखळी वर ओढणारे यंत्र) बसवताना एक समज हमखास ऐकू येतो: मोटर दोन-चार मिनिटेच चालते, मग जाड आणि महाग केबल कशाला? केबल तापण्यापुरताच विचार केला तर या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण खरा प्रश्न व्होल्टेज घटण्याचा आहे.

१२ व्होल्टवर चालणारी १००० वॉटची मोटर भाराखाली ८० ते १०० अँपिअर प्रवाह घेते. बॅटरी बोटीच्या मध्यावर आणि मोटर नाळेवर (पुढच्या टोकाला) असल्याने जाण्यायेण्याची मिळून केबल सहज २० मीटर होते. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये १०० अँपिअरला सुमारे २.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, तर ३५ चौरस मिलिमीटरमध्ये साधारण १ व्होल्ट. (अनेकजण फक्त एका बाजूची लांबी मोजतात आणि तिथेच फसतात.) व्होल्टेज घटले तरी तोच भार उचलायला मोटर जवळपास तेवढाच प्रवाह घेते, मात्र फिरते मंद, म्हणजे ‘दोन-चार मिनिटे’ हा हिशेबही लांबतो.

नांगर खडकात अडकून मोटर जाम झाली, तर प्रवाह कैक पटींनी वाढतो. म्हणून सर्किट ब्रेकर बॅटरीजवळच हवा, कारण बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधली केबल असुरक्षित राहते. साखळी ओढताना इंजिन चालू ठेवून बोट हळूहळू नांगराकडे न्यावी. बोट ओढणे हे विंडलासचे काम नव्हे.