संदर्भसूचीच्या माथ्यावरची एक ओळ

प्रबंधाची संदर्भसूची दुसऱ्या संगणकावर उघडली आणि पुस्तकांच्या नावांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह, वर्तुळातला आर अशी रांग दिसली. मराठीत संशोधन करणाऱ्या पुष्कळांनी हे पाहिलं असेल. 'फाइल करप्ट झाली' असं म्हणून ती टाकून देऊ नका. बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते, चूक असते ती वाचण्यात.

फायलीत अक्षरं नसतातच. असतात ते ० ते २५५ मधले आकडे, म्हणजे बाइट. अक्षरं आकड्यांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. काना, वेलांटी आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडून जोडाक्षर घडवणारं चिन्ह) यांनाही तीन-तीनच. हेच आकडे विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या पश्चिम युरोपीय कोष्टकातून वाचले, तर तिथे एका बाइटला एक अक्षर असल्यामुळे एकट्या 'म'ची तीन भलतीच चिन्हं होतात.

इथवर काहीच बिघडलेलं नसतं. घात होतो तो त्या अवस्थेत फाइल पुन्हा सेव्ह केल्यावर. १२५२च्या कोष्टकात पाच घरं रिकामी आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मराठीचं दुर्दैव असं, की ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट १२९ आहे, हलन्ताचा १४१ आणि 'झ'चा १५७. रिकामं घर आलं की काही सॉफ्टवेअर तिथे प्रश्नचिन्ह टाकतात. मग तिथे उकार होता की हलन्त, हे त्या फायलीतून कोणालाच सांगता येत नाही. 'पुस्तक' या एका शब्दात दोन्ही आहेत! काने आणि वेलांट्या परत मिळवता येतात, जोडाक्षरं मात्र एकेक करून हाताने भरावी लागतात.

म्हणून फाइल कोणत्या पद्धतीने लिहिली आहे, हे तिच्याच माथ्यावर लिहिलेलं असावं. ग्रंथालयांनी ही गरज ओळखली होती. मार्क २१ या नोंदपद्धतीत प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीची सुरुवात २४ अक्षरांच्या 'लीडर'ने होते. शून्यापासून मोजलं तर नवव्या जागी रोमन 'ए' असेल तर मजकूर युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांची सामायिक अक्षरयादी, यूटीएफ-८ ही ती लिहिण्याचीच एक पद्धत), जागा कोरी असेल तर ग्रंथालयांच्या जुन्या मार्क-८ या अक्षरसंचामध्ये. मार्क-८ मध्ये देवनागरी नव्हतीच, त्यामुळे मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत, वर-खाली चिन्हं देऊन लिहावी लागत.

संशोधक ज्यात संदर्भ साठवतात, त्या बिबटेक फायलीत अशी राखीव जागा नाही. ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या मजकूर-जुळणीच्या सॉफ्टवेअरला जोड म्हणून सूची बनवणारं बिबटेक तयार केलं, तेव्हा युनिकोड अस्तित्वातच नव्हतं. त्यात प्रत्येक नोंद ईमेलमधल्या 'ॲट'च्या चिन्हाने सुरू होते आणि नोंदींबाहेरचा मजकूर सोडून दिला जातो. बिबटेक फायली सांभाळणाऱ्या जॅबरेफ या सॉफ्टवेअरने याच सवलतीचा फायदा घेतला. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे 'एन्कोडिंग : यूटीएफ-८' अशी खूण करायची. (टक्क्यामुळे ती ओळ टिप्पणी ठरते असा समज आहे. खरं तर ती नोंदीबाहेर आहे, एवढंच पुरतं. नोंदीच्या आत टक्का टाकून ओळ लपत नाही.)

ही ओळ म्हणजे फक्त लेबल. कोणी एडिटरमध्ये पद्धत बदलून फाइल सेव्ह केली तरी लेबल तसंच राहतं आणि पुढच्या माणसाला खोटं सांगतं. शिवाय मूळ बिबटेक ते वाचतच नाही, त्याच्या हिशेबी एक बाइट म्हणजे एक अक्षर. लेखकाच्या नावाचं आद्याक्षर मागितलं, तर 'विष्णू'मधून ते 'व' उचलत नाही, 'व'चा पहिला बाइट २२४ तेवढा उचलतं आणि छापील सूचीत नावाच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येऊ शकतं. देवनागरी सूचीसाठी मी बिबलाटेक या लाटेकच्या सूची-पॅकेजसोबत, बिबटेकच्या जागी बायबर हा प्रोग्रॅम वापरायला सांगतो. बायबर अक्षरं अक्षरं म्हणूनच मोजतं.

आणि नोंदींबाहेरचा मजकूर चालतोच आहे, तर लेबलाखाली आणखी एका ओळीत 'पुस्तक, झाड' असे दोन शब्द लिहून ठेवा. फाइल कोणाकडून परत आली की ती साध्या एडिटरमध्ये उघडून आधी तेवढे वाचा. उकार, हलन्त आणि 'झ' जागेवर नसतील, तर सेव्ह न करता फाइल बंद करा आणि मूळ प्रत मागवा.