मद्दालेना कासुलाना : नेमकी कशात पहिली?

सोळाव्या शतकातली इटालियन संगीतकार मद्दालेना कासुलाना हिचं नाव निघालं की ‘पहिली स्त्री संगीतकार’ हे बिरूद हमखास जोडलं जातं. ते चूक आहे, आणि त्यामुळे तिचं खरं कर्तृत्व झाकलं जातं.

नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या कासियाने स्तोत्रं रचली, बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन ननने. छपाईतही कासुलाना पहिली नाही. व्हेनिसमध्ये १५४३ साली मोटेटचा, म्हणजे अनेक आवाजांच्या धार्मिक गीतांचा, एक संग्रह निनावी छापला गेला. तो इटलीतल्या फेराराच्या राजघराण्यातल्या एका ननने रचला असावा, असं काही अभ्यासक मानतात. १५५७ साली स्पेनमध्ये निघालेल्या एका पुस्तकात ग्रासिया बाप्टिस्टा या ननची एक रचना तिच्या नावानिशी आहे. खुद्द कासुलानाचीही चार मॅड्रिगल (अनेक आवाजांत गायची इटालियन काव्यगीतं) १५६६ साली एका संकलनात आली होती.

मग १५६८ साली वेगळं काय घडलं? चार आवाजांच्या मॅड्रिगलचं अख्खं पुस्तक व्हेनिसमध्ये एका स्त्रीच्या नावावर निघालं. असं दुसरं कुठलं पुस्तक त्याआधीचं म्हणून ज्ञात नाही. संकलनात कुणाला घ्यायचं हे दुसरा ठरवतो. स्वतःच्या पुस्तकाला मात्र अर्पणपत्रिका लिहायची संधी मिळते, आणि कासुलानाने ती वाया घालवली नाही. फ्लॉरेन्सच्या राजघराण्यातल्या इझाबेला दे मेदिचीला पुस्तक अर्पण करताना तिने सरळ लिहिलं, की बुद्धीच्या देणग्या आपल्याच मालकीच्या आहेत ही पुरुषांची खुळी समजूत तिला जगासमोर उघडी पाडायची आहे. सोळाव्या शतकात, छापील पानावर, स्वतःच्या सहीने! माझ्या मते तिचं मोठेपण या वाक्यात जितकं आहे तितकं कुठल्याही बिरुदात नाही.

१५७० साली दुसरं पुस्तक आलं, १५८३ साली पाच आवाजांचं. त्यानंतर तिचा माग पुसट होतो. आधुनिक काळात तिची मॅड्रिगल संपादित होऊन १९७९ साली पुन्हा छापली गेली, पण १५८३ चं पुस्तक अडून राहिलं. त्या काळी प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका छापत. एक हरवली की सगळी रचना लंगडी. इथे आल्टोची, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या खालच्या आवाजाची, पुस्तिका बेपत्ता होती. ती पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या ग्रंथालयात होती, दुसऱ्या महायुद्धात नाहीशी झाली, आणि अलीकडे मॉस्कोतल्या ग्रंथालयात सापडली. ८ मार्च २०२२ ला त्यातली काही मॅड्रिगल पाचही आवाजांसह ब्रिटिश रेडिओवर गायली गेली.

१५६८ साली म्युनिकच्या राजविवाहात त्या काळचा नामवंत संगीतकार ओर्लांदो दी लासो याच्या दिग्दर्शनाखाली तिची एक रचना सादर झाली होती. त्या रचनेचे शब्द उरले आहेत, संगीत अजून सापडलेलं नाही. ग्रंथालयांच्या न चाळलेल्या गठ्ठ्यांत आता तेही शोधायला हवं.